७.२ कुणाचं, कशाचं, कधीचं?

एका कोऱ्या कागदावर कुणीतरी ७.२ असा आकडा लिहून ठेवला आहे. हे हिमोग्लोबिन असेल, तर त्या माणसाच्या अंगात रक्त फार कमी आहे, आजच काहीतरी करायला हवं. एचबीए१सी असेल, तर मधुमेहाचे डॉक्टर म्हणतील, ठीक चाललंय, आणखी थोडं सांभाळा. पोटॅशियम असेल तर खुर्चीवरून उठून धावायचं, कारण एवढ्या पोटॅशियमने हृदयाचा ठोका कोणत्याही क्षणी बिघडू शकतो. युरिक ॲसिड असेल तर किंचित जास्त. रक्तातली एकूण प्रथिनं असतील तर अगदी छान. धमनीतल्या रक्ताचा पीएच असेल, तर रुग्ण आयसीयूत असणार, आणि नसेल तर त्याला तिथे न्यायला हवं. आणि उपाशीपोटीची साखर असेल, तर आपल्याकडचा माणूस चक्रावेल: ७.२ साखर असलेला माणूस जिवंत कसा? पण ब्रिटनमध्ये साखरेचे असेच आकडे रोज छापले जातात. तिथलं माप वेगळं आहे. आपल्या मापात ती साखर १३० होते.

कागदी रिपोर्टवर हा घोटाळा होत नाही, कारण आकड्याच्या आजूबाजूला बाकी सगळं छापलेलं असतं आणि वाचणारा माणूस असतो. पण हा आकडा लॅबमधल्या मशीनमधून निघून, तारेवरून, रुग्णालयाच्या संगणकातल्या केसपेपरवर माणसाच्या हाताशिवाय पोचवायचा असेल तर? तर त्याला स्वतःचा अर्थ बरोबर घेऊनच निघावं लागतं. हे कसं साधलं जातं ते समजून घेताना मी अक्षरशः थक्क झालो. एरवी कंटाळवाणं वाटणारं हे काम आहे, पण गेल्या सत्तरेक वर्षांतल्या किती अनोळखी माणसांचं शहाणपण त्यात साठलेलं आहे!

सुरुवात केनियापासून करतो. देशाच्या पश्चिम भागात एल्डोरेट नावाचं शहर आहे. तिथल्या मोई विद्यापीठाचा आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा जुना घरोबा. २००१ साली जवळच्या मोसोरिओट या खेडेगावातल्या आरोग्य केंद्रात एक साधी संगणकीय नोंद-व्यवस्था सुरू झाली. त्याच सुमारास एचआयव्हीच्या उपचारांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि रुग्णांचा ओघ वाढत गेला. २००४ साली बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिच हे इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधले दोन डॉक्टर तिथे गेले. जुनी व्यवस्था एवढा भार पेलणार नाही हे त्यांना दिसलं. पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेचे हेमिश फ्रेझर असल्याच प्रश्नाशी झुंजत होते. तिघांनी ठरवलं की आपापलं वेगळं काही बांधायचं नाही. एकच पाया घालायचा, तो सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. त्यातून ओपनएमआरएस जन्माला आलं. २००६च्या फेब्रुवारीत ते एल्डोरेटला चालू झालं, आणि त्याच वर्षी रवांडातही.

त्यांच्या पायाभरणीतली मुख्य कल्पना मला फार आवडते. रुग्णांची नोंद ठेवायची म्हटलं की पहिल्यांदा सुचतो तो तक्ता: उभ्या रकान्यांत हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, आणि आडव्या ओळींत रुग्ण. यात गोम अशी की नवी तपासणी आली की नवा रकाना, म्हणजे पुन्हा प्रोग्रामर. ओपनएमआरएसने त्याऐवजी किराणा दुकानदाराच्या रोजकीर्दीचा घाट घेतला: कुणाचं, काय, किती, कधी. एक निरीक्षण म्हणजे एक ओळ. हिमोग्लोबिन असो, वजन असो की ‘खोकला आहे का’ या प्रश्नाचं उत्तर असो, सगळं याच एका वहीत, एकाखाली एक. यातल्या ‘काय’च्या जागी शब्द लिहायचा नाही, तर एका वेगळ्या संकल्पनाकोशातला क्रमांक टाकायचा. नवी तपासणी आली तर कोशात एक नोंद वाढवायची. वहीला हात लावायचा नाही. हे काम प्रोग्रामर नसलेला, पण वैद्यकीय जाण असलेला माणूस करू शकतो. एल्डोरेटसारख्या ठिकाणी सगळा खेळ यावरच अवलंबून होता.

आता त्या ७.२ कडे वळू. आपण धरून चालू की ते हिमोग्लोबिन आहे.

जांभळ्या टोपणाची नळी, तिच्यावर बारकोड. मशीन त्यातलं काही मायक्रोलिटर रक्त ओढून घेतं, पातळ करतं, आणि पेशी एका सूक्ष्म छिद्रातून एकामागून एक सोडतं. छिद्राच्या दोन्ही बाजूंना वीज खेळत असते. पेशी छिद्रातून जाताना क्षणभर विजेला अडवते, तेवढाच एक झटका नोंदला जातो. झटके मोजले की पेशी मोजल्या. वॉलेस कूल्टर या अमेरिकन तंत्रज्ञाला या युक्तीचं पेटंट १९५३ साली मिळालं, आणि आजही अनेक सीबीसी मशीनं याच तत्त्वावर चालतात. हिमोग्लोबिनसाठी तांबड्या पेशी फोडून त्या द्रावातून प्रकाश सोडतात. किती प्रकाश शोषला गेला त्यावरून मशीन सांगतं: ७.२.

ते सांगतं कुणाला? पुष्कळ मशीनांच्या पाठीमागे आजही जुन्या पद्धतीची सीरियल केबल असते. बोलायचं असलं की मशीन आधी फक्त एक चिन्ह पाठवतं, ॲस्की तक्त्यातलं पाचवं. त्याचा अर्थ, ‘ऐकतोयस का?’ १९६३च्या मूळ तक्त्यात याच चिन्हाचं नाव ‘तू कोण?’ असं होतं. टेलिप्रिंटरांनी तारेच्या दोन टोकांवरून एकमेकांना विचारायचा तो प्रश्न. समोरच्या संगणकाने सहावं चिन्ह पाठवलं, म्हणजे ‘हो’. मग मजकूर सुरू होतो, तुकड्या-तुकड्यांनी. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मशीन एक बेरीज जोडतं: त्या तुकड्यातल्या सगळ्या अक्षरांचे क्रमांक मिळवले, २५६ने भागले, उरली ती बाकी. घेणारा आपली स्वतंत्र बेरीज करतो. जुळली तर ‘पुढे बोल’, नाही जुळली तर ‘परत सांग’. टेलिप्रिंटर भंगारात जाऊनही किती वर्षं झाली, पण त्यांची ही शिष्टाचाराची भाषा रक्ततपासणीच्या मशीनांनी जिवंत ठेवली आहे.

इथवर आकडा लॅबच्या संगणकात पोचला. टेक्निशियन तो बघतो, शंका आली तर सॅम्पल पुन्हा लावतो, मग मंजुरी देतो. पुढचा टप्पा म्हणजे लॅबच्या संगणकातून रुग्णाच्या केसपेपरवर. या वाटेवरची भाषा बहुधा एचएल-सेव्हन असते. या नावाची संस्था १९८७ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीची कुळी आजही जगभरच्या रुग्णालयांत धावते आहे. हा निरोप कसा दिसतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. मूळ रोमन लिपीत असतो. आकड्याची ओळ देवनागरीत उतरवली तर अशी दिसेल:

ओबीएक्स|१|एनएम|७१८-७^हिमोग्लोबिन^एलएन||७.२|ग्रॅ/डेलि|१२.०-१५.०|एल|||एफ

पहिल्यांदा पाहिलं की डोळे गरगरतात. पण उभ्या रेघा म्हणजे फक्त घरं पाडलेली आहेत, आणि प्रत्येक घराला ठरलेला अर्थ आहे. ‘ओबीएक्स’ म्हणजे ही निरीक्षणाची ओळ. ‘१’ म्हणजे पहिलं निरीक्षण. ‘एनएम’ सांगतं की पुढे येणारी गोष्ट संख्या आहे, मजकूर नाही. मग तपासणीचा जागतिक क्रमांक, तिचं नाव, आणि ‘एलएन’, म्हणजे हा क्रमांक लॉइंक नावाच्या यादीतला आहे. मग एक रिकामं घर. मग आपला ७.२. मग माप. मग त्या लॅबची सामान्य मर्यादा. ‘एल’ म्हणजे कमी. दोन रिकामी घरं. शेवटी ‘एफ’: हा निकाल अंतिम आहे. तिथे ‘पी’ असतं तर निकाल तात्पुरता समजायचा, ‘सी’ असतं तर दुरुस्त केलेला.

रिकाम्या घरांची तर मला विशेष गंमत वाटते. तिथे काही नाही, पण पहिलंच गाळलं तर सगळा अर्थ एक घर अलीकडे सरकेल आणि मर्यादा मापाच्या जागी जाऊन बसेल. न बोललेल्या गोष्टीची जागासुद्धा मोजून राखलेली आहे. या ओळीच्या वर रुग्णाची ओळ असते, ऑर्डरची ओळ असते, आणि सगळ्यांत वर कुणी, कुणाला, केव्हा पाठवलं याची. संपूर्ण निरोपाच्या आधी एक न दिसणारं चिन्ह येतं, ॲस्कीतलं अकरावं. हेही छपाईयंत्राच्या जमान्यातलं. कागद पुढच्या उभ्या टप्प्यावर सरकवण्यासाठी ते होतं. आता त्याचा अर्थ एवढाच: निरोप सुरू.

आता ७१८-७ या क्रमांकाकडे बघा, कारण त्याच्या पोटात दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

लॉइंकची यादी १९९४ साली रीगनस्ट्रीफमध्ये क्लेम मॅकडॉनल्ड यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मॅकडॉनल्ड १९७२पासून तिथे संगणकीय केसपेपर उभारत होते. बाहेरच्या लॅबचे निकाल घ्यायला गेलं की दरवेळी तीच अडचण: एकाच तपासणीला या लॅबमध्ये एक संकेत, त्या लॅबमध्ये दुसरा. म्हणून सगळ्यांसाठी एक यादी. तिच्यातली प्रत्येक तपासणी सहा प्रश्नांच्या उत्तरांनी ओळखली जाते: काय मोजलं, त्याचा कोणता गुण मोजला, एका क्षणाचं की चोवीस तासांत गोळा केलेलं, शरीरातल्या कशात मोजलं, उत्तर संख्येत की शब्दांत, आणि गरज असेल तिथे कोणत्या पद्धतीने. त्यामुळे ‘ग्लुकोज’ ही एक तपासणी नाहीच. रक्तद्रवातलं ग्लुकोज मिलिग्रॅममध्ये, ते २३४५-७. तेच मिलिमोलमध्ये, १४७४९-६. उपाशीपोटी म्हणून स्पष्ट नोंदलेलं, १५५८-६. लघवीतलं आणखी निराळं. यादीत आज एक लाखाहून अधिक नोंदी आहेत, आणि ती कुणालाही विनामूल्य वापरता येते.

दुसरी गोष्ट शेवटच्या अंकात आहे. ७१८-७ मधला शेवटचा ७ हा पहारेकरी आहे, आणि त्याचं काम आपण हातानेच तपासू शकतो. ७१८ घ्या. उजवीकडून सुरू करून एकाआड एक अंक दुप्पट करा. ८चे १६, त्यातले अंक मिळवून ७. मधला १ तसाच. डावीकडच्या ७चे १४, मिळवून ५. सात, एक आणि पाच मिळून तेरा. पुढचा दहाच्या पटीतला आकडा वीस. त्याला कमी पडतात सात. तोच हा ७. आता कुणी घाईत ७१८च्या जागी ७८१ टाइप केलं, तर हीच रीत शेवटी ५ मागेल. समोर ७ आहे. चूक जागच्या जागी पकडली गेली. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तुमच्या बँकेच्या कार्डावरचा शेवटचा अंक हेच काम करतो. ओपनएमआरएसमध्ये रुग्णाच्या क्रमांकालाही असाच पहारेकरी लावता येतो. म्हणजे तपासणी चुकू नये यासाठी एक अंक, आणि माणूस चुकू नये यासाठी एक.

निरोप दारात आला. आता घेणाऱ्याची बाजू. ओपनएमआरएस तो लगेच उघडत नाही. आधी रांगेत ठेवतं. मग सवडीने एकेक निरोप घेऊन प्रश्न विचारतं. हा रुग्ण आपल्याकडे आहे का? ही तपासणी आपल्या संकल्पनाकोशात कुठे बसते? कोशातल्या संकल्पनेला लॉइंकचा क्रमांक जोडलेला असेल तर उत्तर तात्काळ मिळतं. मिळालेला आकडा शक्यतेच्या कक्षेत आहे का? कोशात प्रत्येक संख्यात्मक तपासणीला सामान्य, धोक्याच्या आणि अशक्य अशा मर्यादा देता येतात. दशांशचिन्ह हरवून ७.२चं ७२ झालं, तर माणसाच्या रक्तात एवढं हिमोग्लोबिन असूच शकत नाही म्हणून नोंद अडते. सगळं जुळलं की रोजकीर्दीत एक ओळ चढते, निरोपाची मूळ प्रत संग्रहात जाते. आणि ज्याचं काही जुळलं नाही तो निरोप? तो वेगळ्या रांगेत जाऊन बसतो, माणसाची वाट बघत.

या वेगळ्या रांगेबद्दल मला मनापासून आदर आहे. ‘नाव तर जुळतंय, जन्मसाल जवळपास तेच आहे, करून टाकू जमा’ असा मोह कोणत्याही व्यवस्थेला होऊ शकतो. वैद्यकीय नोंदीत अंदाजाने चिकटवलेला निकाल हा न आलेल्या निकालापेक्षा घातक असतो, कारण न आलेल्या निकालाची कुणीतरी चौकशी करतं, चुकीच्या केसपेपरवर बसलेल्या निकालाची कुणी करत नाही. ज्या रुग्णालयात या रांगेकडे रोज सकाळी कुणी लक्ष देतं, तिथली संगणकीय नोंद विश्वासाची असते. जिथे ती महिनोन्‌महिने साचू देतात तिथे व्यवस्था चालू असते, पण आंधळी.

सुरुवातीच्या ओपनएमआरएसमध्ये आणखी एक सुंदर गोष्ट होती. तिथले डॉक्टर कागदावरच लिहीत, आणि डेटा एंट्रीवाले तो कागद बघून संगणकावरचा फॉर्म भरत. तो फॉर्म सरळ वहीत उतरत नसे. आतल्या आत त्याचा लॅबच्या निकालासारखाच एचएल-सेव्हन निरोप तयार होई आणि त्याच रांगेत उभा राही. मशीन असो की माणूस, आत येण्याचं दार एक, आणि दारावरची तपासणीही एक.

काही निकाल मात्र संख्या असूनही संख्या नसतात, आणि तिथे खरी कसोटी लागते. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू किती आहेत हे मोजतात. औषध चांगलं लागू पडलं, तर विषाणू इतके कमी होतात की मशीनला ते मोजता येत नाहीत. मग उत्तर येतं: ‘४०पेक्षा कमी’, ते चिन्हाने लिहिलेलं, <४०. रुग्णासाठी याहून आनंदाची बातमी नाही. पण ‘एनएम’ म्हणून संख्येची वाट बघणाऱ्या घरात हे चिन्ह मावत नाही. कुणी चिन्ह काढून नुसते ४० लिहिले, तर न सापडलेल्या विषाणूंची जागा एका ठाम मोजमापाने घेतली. शून्य लिहिलं, तर मशीनने न केलेला दावा त्याच्या तोंडी घातला. निरोपच नाकारला, तर सगळ्यांत चांगल्या बातम्या नेमक्या गायब, आणि कार्यक्रमाच्या अहवालात औषध लागू न पडलेलेच तेवढे दिसणार. एचएल-सेव्हनमध्ये अशा उत्तरांसाठी वेगळा प्रकार आहे, ज्यात चिन्ह एका घरात आणि संख्या दुसऱ्या घरात बसते. ओपनएमआरएसच्या निरीक्षणांच्या तक्त्यातही या चिन्हापुरता एक चिमुकला रकाना आहे. दोन अक्षरांचा.

ओपन सोर्स असण्याचं मोल मला इथे सगळ्यांत जास्त जाणवतं. फुकट मिळतं ही गोष्ट मोठीच, पण त्याहून मोठी ही की ‘कमी’च्या चिन्हाचं वाटेत काय झालं, हे कुणालाही प्रोग्राम उघडून बघता येतं. बंद पेटीतल्या व्यवस्थेत विक्रेत्याला विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं. इथे एका देशातल्या टेक्निशियनला सापडलेली चूक दुरुस्त झाली की ती सगळ्यांसाठी दुरुस्त होते.

दुरुस्तीवरून ‘सी’ आठवला. समजा दुसऱ्या दिवशी लॅबला कळलं की नळी अर्धवट गोठली होती, त्यामुळे आकडा खोटा आला. नव्या नळीत हिमोग्लोबिन ११.४ निघालं. दुरुस्तीचा निरोप येतो. ओपनएमआरएस जुनी ओळ पुसत नाही. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करतं, कुणी केली, कधी केली, का केली हे नोंदतं, आणि नवी ओळ जुनीकडे बोट दाखवत उभी राहते. कारण काल रात्री एखाद्या डॉक्टरने तो ७.२ बघून रक्त चढवायचा निर्णय घेतला असेल, तर त्यांनी तसं का केलं याचं उत्तर त्या रद्द झालेल्या ओळीतच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर लिमा शहरात मिळतं. पेरूमध्ये औषधांना न जुमानणारा क्षयरोग मोठा प्रश्न होता. कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी लॅबमध्ये व्हायची, पण निकालाचा कागद आरोग्य केंद्रात पोचायला दिवसच्या दिवस जात, आणि तोवर रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राही. होआकीन ब्लाया, हेमिश फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे लॅबपासून आरोग्य केंद्रापर्यंत निकाल थेट पोचवणारी व्यवस्था उभी केली, आणि इंका साम्राज्यात डोंगरवाटांनी धावत निरोप नेणाऱ्या जासुदांवरून तिचं नाव ई-चास्की ठेवलं. काही केंद्रांना ती दिली, काहींना नाही, आणि तुलना केली. औषधसंवेदनशीलतेचा निकाल पोचायला व्यवस्था नसलेल्या केंद्रांत १७ दिवस (मध्यक) लागले, असलेल्या केंद्रांत ११; कल्चरचा निकाल ८ऐवजी ५ दिवसांत. लॅबमधलं जंतू वाढवण्याचं काम होतं तेवढंच राहिलं. वाचले ते फक्त वाटेतले दिवस.

आणि निकाल वहीत नीट बसले की वही स्वतःहून बोलू लागते. एल्डोरेटच्या कार्यक्रमात मार्टिन वेरे आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. एचआयव्हीच्या रुग्णाची सीडी-फोर तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी. संगणकाने आधीचे निकाल बघून, ज्यांची मुदत उलटली त्यांच्या सारांशपत्रावर ‘ही तपासणी राहिली आहे’ अशी सूचना छापायची. सूचना नसलेल्या दवाखान्यात मुदत उलटलेल्यांपैकी ३८ टक्के जणांची तपासणी लिहून दिली गेली, सूचना असलेल्या ठिकाणी ५३ टक्के जणांची. डॉक्टर तितकेच कळकळीचे, गर्दी तितकीच. फरक एका छापील ओळीचा. पण ‘राहिली आहे’ हे कळायला ‘झाली होती’ याची नोंद आधी असावी लागते.

आपल्या जवळची गोष्ट छत्तीसगडमध्ये आहे. बिलासपूरजवळच्या गनियारी गावात जन स्वास्थ्य सहयोग हे रुग्णालय आहे, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी खेड्यात येऊन उभं केलेलं. २०१२-१३च्या सुमारास थॉटवर्क्सच्या तंत्रज्ञांनी त्यांच्यासाठी एक जोडणी बांधली: केसपेपरसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस, बिलं आणि औषधसाठ्यासाठी ओडू. तिन्ही ओपन सोर्स, तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. या जोडणीला त्यांनी बाह्मनी हे नाव दिलं, गनियारीच्या एका फिरत्या दवाखान्याच्या गावावरून. आज ती अनेक देशांत वापरली जाते.

यात लॅब आणि केसपेपर एकमेकांशी कसे बोलतात, ते गावातली वीज डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेलं दिसतं. लॅबची बाजू घडलेल्या घटनांची एक वाढत जाणारी यादी ठेवते: अमुक निकाल तयार, तमुक निकाल तयार. केसपेपरची बाजू येऊन यादी वाचते आणि कुठपर्यंत वाचलं याची खूण ठेवते. मध्येच वीज गेली, नेटवर्क पडलं, तरी काही हरवत नाही. परत आल्यावर खुणेपासून पुढे वाचायचं. एखादी घटना पचली नाही तर तिला बाजूला काढून ठेवायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. कुणी कुणासाठी अडून बसत नाही.

पुढची पिढी फायर नावाच्या प्रमाणकाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११मध्ये त्याचा पहिला आराखडा मांडला. उभ्या रेघांऐवजी यात प्रत्येक घरावर नाव लिहिलेलं असतं, आणि वेबसाइट बनवणाऱ्या कोणत्याही तरुणाला ते वाचता येतं. ओपनएमआरएस आता ही भाषा बोलतं. भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही हीच भाषा निवडली आहे, आणि तिचे भारतासाठीचे नियम तयार होतात ते पुण्यात, सी-डॅकमधल्या राष्ट्रीय ईएचआर मानक केंद्रात. तुम्ही या मिशनचा आभा क्रमांक काढला असेल, तर तुमचा रिपोर्ट एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना याच नियमांच्या आधारे जाईल.

त्या नियमांत लॅब-रिपोर्ट पाठवण्याच्या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. प्रत्येक निकाल सुटा, त्याच्या क्रमांकासह आणि मापासह पाठवता येतो; किंवा रिपोर्टची पीडीएफ तशीच आत ठेवून देता येते. दुसरी वाट सोपी आहे, म्हणून मोहाची आहे. पीडीएफ डॉक्टर वाचतील, पण त्यातून पाच वर्षांच्या क्रिएटिनिनचा आलेख निघणार नाही, आणि एल्डोरेटसारखी ‘राहिली आहे’ची ओळही नाही. मला वाटतं, इथेच आपल्या गावोगावच्या लॅबचालकांनी थोडं कष्टाचं काम हाती घ्यावं. आपल्या तपासण्यांची यादी काढायची, सगळ्यांत जास्त होणाऱ्या शंभर निवडायच्या, आणि प्रत्येकीसमोर लॉइंकचा क्रमांक लिहायचा. जुळवणीत मदत करणारी साधनं रीगनस्ट्रीफ विनामूल्य देतं. हिमोग्लोबिन एका मिनिटात होईल. साखरेपाशी अडायला होईल, कारण तिथे लॅबला स्वतःलाच विचारावं लागेल: आपण ‘शुगर’ म्हणतो ती उपाशीपोटीची की जेवणानंतरची, नळीतल्या प्लाझ्मामधली की बोटाला टोचून पट्टीवर घेतलेली? कल्चरच्या निकालांना तर अख्खी दुपार लागेल.